आशा घरभेट (नाशिक जिल्हा)

गरोदरपणापासून मूल सव्वा वर्षाचे होईपर्यंत आशा स्वयंसेविकेने ठरलेल्या दिवशी घरी जाऊन आई आणि बाळाची केलेली तपासणी व दिलेला सल्ला. या नोंदीत मुख्यतः बाळंतपणानंतरच्या ४२ दिवसांतील भेटींचा विचार केला आहे. आशा योजना २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाबरोबर आली. साधारण १००० लोकसंख्येमागे एक आशा असते. डोंगराळ आदिवासी भागात पाड्यांच्या अंतराप्रमाणे याहून कमी वस्तीलाही एक नेमता येते. निवड गावातूनच होते आणि शक्यतो गावच्या सुनेची, कारण लेक लग्न होऊन जाते, सून गावात राहते. ती सरकारी नोकर नाही. तिला कामागणिक मोबदला मिळतो.

या भेटींचे मूळ गडचिरोलीत आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवले. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्या गावांत तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा सुमारे ६२ टक्क्यांनी घटला होता. २०११ पासून हीच पद्धत देशभरच्या आशांच्या कामात आली.

गरोदरपणी. नोंदणी १२ आठवड्यांच्या आत व्हावी आणि एकूण किमान चार तपासण्या व्हाव्यात. चौथ्या महिन्यापासून लोहाची रोज एक, अशा १८० गोळ्या. बाळंतपणानंतर पुन्हा १८०. हिमोग्लोबिन ११ च्या खाली म्हणजे रक्त कमी. ७ च्या खाली गेले तर गोळ्यांवर न थांबता दवाखान्यात पाठवायचे. गोळ्या बहुतेकदा सुटतात त्या मळमळीमुळे, बद्धकोष्ठतेमुळे आणि शौचाला काळे झाले म्हणून घाबरल्यामुळे. काळे होणारच, त्यात धोका नाही, हे पहिले पाकीट देतानाच सांगावे लागते. गोळी रात्री जेवणानंतर घ्यायची. चहासोबत नाही आणि कॅल्शियमच्या गोळीबरोबर तर नाहीच. ‘गोळ्या घेतेस ना?’ या प्रश्नाला उत्तर नेहमी ‘हो’ असते, म्हणून जाणती आशा रिकामी पाकिटे मागते आणि मोजते.

पेठ, सुरगाण्याकडे आठव्या महिन्यात आणखी एक काम असते: गाडी कोणाची, १०८ ला फोन कोण करणार, पाड्यावर मोबाइलला रेंज कुठे मिळते, घरच्या लेकरांजवळ कोण राहणार, हे घरच्यांकडून आधी ठरवून घेणे. सावळघाट किंवा कोटंबी घाट भर पावसात रात्री ओलांडायचा असेल तर कळा सुरू झाल्यावर ही चर्चा करायला वेळ उरत नाही.

भेटींचे दिवस. दवाखान्यात बाळंतपण झाले असेल तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी, अशा सहा भेटी. घरी झाले असेल तर पहिल्या दिवसाची एक जास्त. सर्व भेटी पुऱ्या केल्यावर २५० रुपये. त्यानंतर ३, ६, ९, १२ आणि १५ व्या महिन्यांच्या भेटी. त्या २०१८ पासून सुरू झाल्या.

आशा आधी हात साबणाने धुते. मग बाळ दूध ओढते का ते पाहते, कारण ओढणारे बाळ अचानक ओढेनासे झाले तर बहुधा ती जंतुसंसर्गाची पहिली खूण असते. त्यानंतर श्वास. पोटावरचे कापड बाजूला करून, बाळ शांत असताना, पूर्ण एक मिनिट. नवजात बाळाचा श्वास एका लयीत नसतो, मध्येच काही सेकंद थांबतो, म्हणून अर्धा मिनिट मोजून दुप्पट करणे ही सरळ चूक ठरते. ६० किंवा जास्त आले तर पुन्हा मोजायचे. दुसऱ्यांदाही तेवढेच आले, किंवा श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असला, तर बाळ लगेच हलवायचे. काखेतले तापमान ३६.५ अंश सेल्सिअसच्या खाली म्हणजे बाळ गार पडले आहे, ३७.५ च्या वर म्हणजे ताप.

वजनाला झोळीचा काटा वापरतात. आधी रिकामी झोळी अडकवून काटा शून्यावर आणायचा, मग झोळीत बाळ ठेवून काटा डोळ्यांच्या रेषेत धरायचा, आणि झोळी अंथरुणापासून वीतभरच वर उचलायची. दुपटे काढायचा कंटाळा केला किंवा झोळी ओली असली की वजन फुगते आणि कमी वजनाचे बाळ नोंदीत सुटून जाते. २५०० ग्रॅमच्या खाली बाळ कमी वजनाचे. १८०० च्या खाली असेल तर घरी ठेवायचे नाही.

तिसऱ्या दिवशीचे वजन मात्र फार सांभाळून सांगावे लागते. पहिल्या काही दिवसांत बाळाचे वजन ७ ते १० टक्के उतरते आणि दोन आठवड्यांच्या आत भरून येते. २६०० ग्रॅमचे बाळ तिसऱ्या दिवशी २४०० भरले की घरात ‘आईला दूधच पुरत नाही’ असा निकाल लागतो, आणि गुटी, मध, वरचे दूध सुरू होते. तिथून जुलाब लागतात. म्हणून आकडा सांगण्याआधी सासूला कारण सांगायचे. सासूलाच, कारण बाळंतिणीच्या खोलीत चालते तिचे.

त्र्यंबक-इगतपुरीच्या पावसाळ्यात ऊब हाच अर्धा इलाज आहे. सरपण ओले, भुई ओल धरलेली, कपडे वाळत नाहीत. दोन किलोच्या खालच्या बाळाला आंघोळ घालायची नाही, नुसते पुसायचे. टोपी-मोजे घालून आईच्या उघड्या छातीशी, अंगाला अंग लावून ठेवायचे. दवाखान्यात नेतानाही तसेच.

बाळापायी आई मागे राहते, हा या भेटींतला सर्वांत जड दोष. रक्तस्राव किती, ताप आहे का, अंगावरून जाते त्याला दुर्गंधी येते का, डोके दुखून अंधारी येते का, हे तिला एकटीला गाठून विचारले तरच कळते. चारचौघांत ती काही सांगत नाही.

साखळी कुठे तुटते. पहिले बाळंतपण माहेरी. नोंदणी सासरच्या आशेकडे, भेटी माहेरच्या आशेच्या माथी, आणि बाळ आले आहे हे तिला कळते ते दहा दिवसांनी. नेमक्या पहिल्या आठवड्यातल्या भेटी बुडतात, आणि नवजात मृत्यू सर्वाधिक होतात ते त्याच आठवड्यात. यावर उपाय साधा आहे: सातव्या महिन्यातच दोन्ही आशांनी एकमेकींशी फोनवर बोलून घेणे. तो आपोआप होत नाही; आशांच्या कामावर देखरेख करणाऱ्या गटप्रवर्तकाला मागे लागावे लागते.

दुसरी गळती स्थलांतराची. भात निघाला की सुरगाणा, पेठकडची कुटुंबे निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांवर येतात आणि मळ्यातल्या खोपीत राहतात. खोपी गावाच्या यादीत नसते, त्यामुळे तिथल्या आशेला ती दिसतच नाही. सोबत माता-बाल संरक्षण कार्ड असेल तर लसीची तारीख हुकत नाही. ते घरी पत्र्याच्या पेटीत राहिले तर सगळे अंदाजाने.

मालेगावात अंतर चालायचे नसते, विश्वास कमवायचा असतो. २०२२ च्या गोवर उद्रेकात शहरातली अनेक मुले आजारी पडली. गोवर-रुबेलाची लस ९ महिने पूर्ण झाल्यावर आणि पुन्हा १६ ते २४ महिन्यांत द्यायची असते. पण लसीला नकाराची सुरुवात पुष्कळदा त्याआधीच, दीड महिन्याच्या लसीपासून होते: मांडी सुजते, रात्री ताप येतो, बाळ रडते. हे होणार आहे, एक-दोन दिवसांत उतरेल, पॅरासिटामॉल वजनाप्रमाणे इतकेच द्यायचे, असे टोचण्याआधी सांगितलेले असेल आणि दुसऱ्या दिवशी आशा विचारपूस करायला गेली असेल, तर पुढच्या महिन्यात त्या घराचे दार उघडते.