मामा कुठे आई, कुठे बाप, कुठे आईचा भाऊ

जॉर्जियन भाषेत बापाला ‘मामा’ म्हणतात आणि आईला ‘देदा’. चिनी मुलाची ‘मामा’ म्हणजे आई. मराठीत मामा हा आईचा भाऊ, तर ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातल्या पित्जंत्जत्जारा लोकांत ‘मामा’ म्हणजे पुन्हा बाप. ‘बाबा’चीही तीच गत. मराठी, तुर्की, स्वाहिली आणि चिनी या चार वेगवेगळ्या भाषाकुळांतल्या भाषांत बाबा हा बाप आहे, पण रशियनमध्ये ‘बाबा’ म्हणजे बाई किंवा आजी.

अशी यादी हाती लागली की जगातल्या सगळ्या भाषा एकाच भाषेतून निघाल्याचा पुरावा म्हणून ती पुढे केली जाते. कुणी ती भाषा संस्कृत म्हणतं, कुणी तमिळ. आई-बापांच्या शब्दांवर असा दावा उभाच राहू शकत नाही, कारण हे साम्य भाषांच्या इतिहासातून आलेलं नाही. ते तान्ह्या मुलाच्या तोंडातून आलेलं आहे.

मूल साधारण सहा ते दहा महिन्यांचं झालं की त्याची बडबड सुरू होते. जीभ अजून ताब्यात नसते, पण जबडा खालीवर करता येतो. जबडा वर गेला की ओठ मिटतात, खाली आला की उघडतात. या हालचालीला आवाजाची जोड मिळाली की बाबाबा होतं, मामामा होतं. ‘र’साठी जिभेचं टोक नेमक्या ताणाने थरथरावं लागतं, ‘ळ’साठी ते उलटं वळवावं लागतं; ही कामं मुलाला फार उशिरा जमतात. म्हणून ‘र’ने सुरू होणारा आईचा लाडका शब्द क्वचितच सापडतो.

‘ब’ आणि ‘म’ यांत ओठांचं काम अगदी सारखं आहे, फरक आहे तो मृदू टाळूचा, म्हणजे टाळूच्या मागच्या मऊ भागाचा. ‘ब’ म्हणताना मृदू टाळू वर उचललं जाऊन नाकाची वाट बंद होते, ‘म’ म्हणताना ते खाली राहतं आणि हवा नाकातून जाते. नाक चिमटीत घट्ट धरून ‘आमा’ म्हणून पाहा, ते ‘आबा’सारखं ऐकू येईल. तसंच नाक धरून, ओठ मिटून नुसता ‘म्’ लांबवायला गेलात तर आवाज क्षणात बंद पडेल, कारण हवेला बाहेर पडायला जागाच उरत नाही. सर्दीत ‘म’ का बिघडतो, त्याचं कारणही हेच.

आता दूध पिणारं बाळ पाहा. तोंड स्तनाने भरलेलं, श्वास नाकातून चाललेला. अशा वेळी जो हुंकार निघेल तो अनुनासिकच असणार. भाषाशास्त्रज्ञ रोमान याकोबसन यांनी १९५९ मध्ये मांडलं की पुढे हाच हुंकार मूल दूध दिसताच काढू लागतं, मग भूक लागली की, मग आई हवी असली की. त्यांच्या हाताशी मानववंशशास्त्रज्ञ जॉर्ज मर्डॉक यांनी जगभरच्या भाषांतून जमवलेले १,०७२ शब्द होते: आईसाठी ५३१, बापासाठी ५४१. आईच्या शब्दांपैकी ५५ टक्क्यांत म, न यांसारखं अनुनासिक व्यंजन होतं, बापाच्या शब्दांपैकी फक्त १५ टक्क्यांत. लॅटिनमध्ये तर ‘माम्मा’ म्हणजे स्तनच. त्यावरून निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने १७५८ मध्ये ‘मॅमेलिया’ हे नाव घडवलं, आणि आपल्या ‘सस्तन’ शब्दाचा अर्थही तोच आहे.

५५ टक्के म्हणजे शंभर नव्हे, हे विसरायचं नाही. आपल्या ‘आई’त तर एकही व्यंजन नाही. मूल फक्त ध्वनी काढतं, त्यातला कुठला कुणाच्या नावावर चढवायचा हे मोठी माणसं ठरवतात. जॉर्जियन घरात ‘मामा’ ऐकून बाप पुढे येतो, एवढाच फरक.

या शब्दांचं वेगळेपण आपल्याकडे फार पूर्वी नोंदलं गेलं आहे. संस्कृतात रमा या नामाचं संबोधन ‘हे रमे’ होतं. त्या हिशोबाने अम्बाचं ‘हे अम्बे’ व्हायला हवं, पण पाणिनी आईवाचक शब्दांसाठी वेगळं सूत्र देतो, ‘अम्बार्थनद्योर्ह्रस्वः’ (७.३.१०७), आणि रूप होतं ‘हे अम्ब’. टीकाकार याच सूत्राखाली ‘हे अक्क’, ‘हे अल्ल’ ही उदाहरणं देतात. अक्का हा तेव्हा आईचा शब्द होता. आपण तो थोरल्या बहिणीला दिला. सतत हाका मारण्यासाठी वापरलेले शब्द व्याकरणाच्या सरधोपट साच्यात बसत नाहीत, हे त्या सूत्रातून स्वच्छ दिसतं.

ध्वनिबदलाच्या नियमांनाही हे शब्द अनेकदा दाद देत नाहीत. जर्मॅनिक भाषांत (इंग्रजी, जर्मन वगैरे) जुन्या ‘प’चा ‘फ’ झाला. म्हणून संस्कृत ‘पितृ’ तिथे ‘फादर’, ‘पाद’ तिथे ‘फूट’. पण ‘पापा’चं ‘फाफा’ करून टाकलं तरी पुढच्या पिढीची मुलं ‘पापा’ नव्याने बोलणारच. जपानीत मात्र उलट घडलं. तिथे आईसाठी आजचा शब्द ‘हाहा’ आहे, जो मुळात ‘पापा’ होता. ‘प’चा ‘फ’ आणि ‘फ’चा ‘ह’ झाला. सोळाव्या शतकातल्या एका जपानी संग्रहात कोडं आहे: आईला दोनदा भेटतात, वडिलांना एकदाही भेटत नाहीत, ते कोण? उत्तर आहे ओठ. वडील म्हणजे ‘चिचि’, त्यात ओठांचं काम नाही. तेव्हा आई ‘फाफा’ होती म्हणून ओठ दोनदा जवळ येत. आजच्या उच्चारात हे कोडं सुटत नाही, आणि म्हणूनच जुन्या उच्चाराचा तो इतका चांगला साक्षीदार आहे.

दोन भाषांचं नातं तपासायचं असेल तर अभ्यासक आई-बाप-काका-मामा आणि काव-काव, म्याऊ यांसारखे अनुकरणवाचक शब्द आधी बाजूला काढतात. मग शरीराचे अवयव, अंक, सर्वनामं, पाणी, दगड अशा शंभर-दोनशे शब्दांची यादी घेतात आणि उसने शब्द गाळतात. उरलेल्यांत ‘जिथे इकडे प तिथे तिकडे फ’ अशी नियमित जोडी पुन्हा पुन्हा सापडली तरच नातं मानतात. नुसतं सारखं ऐकू येणं इथे कामाचं नाही. गॉथिक या जुन्या जर्मॅनिक भाषेतल्या चौथ्या शतकातल्या बायबलमध्ये बाप म्हणजे ‘अत्ता’, तुर्कीत ‘आता’ म्हणजे बाप किंवा पूर्वज. तेवढ्यावरून गॉथिक आणि तुर्की बहिणी ठरत नाहीत.

आपला ‘मामा’ मात्र थोडा वेगळा. ध्वनी बाळाच्या तोंडचा असला तरी त्यावर चढलेला अर्थ समाजाने घडवलेला आहे. कन्नडमध्ये ‘माव’ म्हणजे मामाही आणि सासराही. ‘अत्ते’ म्हणजे आत्याही आणि सासूही. तेलुगूत ‘मामा’ आणि ‘अत्त’ यांचंही असंच. जिथे मामाच्या किंवा आत्याच्या घरात लग्नं ठरतात, तिथे ही दुहेरी नावं सहज जुळतात. मराठीतही सुना सासऱ्याला ‘मामंजी’ आणि सासूला ‘आत्याबाई’ म्हणत आल्या. महाराष्ट्रात अनेक जातींत मामाची मुलगी करण्याची चाल होती, आणि इरावती कर्वे यांनी १९५३ च्या आपल्या नातेव्यवस्थेवरच्या ग्रंथात महाराष्ट्राला उत्तर आणि दक्षिण यांच्या मधल्या पट्ट्यात ठेवलं आहे. ‘मामा’ हा ध्वनी कुठलंही मूल काढू शकतं. पण आईचा भाऊ आणि नवऱ्याचा बाप यांना एकाच शब्दाने हाक मारणं हे बडबडीतून येत नाही. दक्षिणेच्या शेजाराचा पुरावा शोधायचा तर तो ‘मामा’पेक्षा ‘मामंजी’त मिळतो.