‘वॉर’ म्हणायचं की नाही? एका इंग्रजी शब्दाची पार्श्वभूमी

सातारा तालुक्यातलं अपशिंगे सगळ्या जिल्ह्यात ‘मिलिटरी अपशिंगे’ म्हणून ओळखलं जातं. पहिल्या महायुद्धात या एका गावचे ४६ जवान कामी आले. त्या युद्धाच्या स्मरणार्थ ब्रिटिशांनी गावोगावी दगडी पाट्या बसवल्या. त्यांवर इंग्रजीत ‘द ग्रेट वॉर’ आणि पुढे ‘१९१४-१९१९’ असं कोरलेलं असतं. तोफा थंडावल्या नोव्हेंबर १९१८ मध्ये, मग १९१९ कशाला? तर व्हर्सायचा तह जून १९१९ मधला. त्या काळी ‘वॉर’ ही कायद्यातली अवस्था होती. ती रीतसर जाहीर व्हायची आणि तहानं मिटायची. आपल्याकडची जुनी माणसं त्या युद्धाला ‘जर्मनची लढाई’ म्हणायची.

‘वॉर’ हा शब्द मुळात फ्रँक या जुन्या जर्मनिक टोळ्यांचा, अर्थ गोंधळ किंवा कलह. उत्तर फ्रान्समार्गे तो इंग्रजीत आला. स्पॅनिशमध्ये त्याच घराण्यातल्या शब्दाचं लहान रूप ‘गेरिला’ म्हणजे छोटं युद्ध. म्हणजे गनिमी काव्याला आपण ‘गेरिला वॉर’ म्हणतो तेव्हा एकच शब्द दोनदा उच्चारतो.

खरा गुंता गेल्या शंभर वर्षांतला आहे. १९२८ च्या एका करारानं राष्ट्रांनी युद्धाचा मार्ग सोडून दिल्याचं जाहीर केलं. युद्धं थांबली नाहीत, त्यांची नावं बदलली. १९३७ मध्ये जपाननं चीनवर चाल केली तेव्हा दोघांनीही युद्ध जाहीर केलं नाही, कारण तसं केलं असतं तर अमेरिकेच्या तटस्थता कायद्यानं शस्त्रांचा पुरवठा तुटला असता. जपाननं त्या भीषण संहाराला ‘घटना’ म्हटलं. कोरियातल्या लढाईला १९५० मध्ये ‘पोलिस कारवाई’ म्हटलं गेलं, आणि १९५६ मध्ये सुएझ कालव्याच्या वादात इजिप्तवर बाँब पडत असताना ब्रिटनच्या पंतप्रधानांनी सांगितलं की हे ‘वॉर’ नाही, ‘आर्म्ड कॉन्फ्लिक्ट’ म्हणजे सशस्त्र संघर्ष आहे.

हा शब्दप्रयोग त्यांनी शोधलेला नव्हता. १९४९ च्या जिनिव्हा करारांत तो आधीच होता, आणि तिथं त्याचा हेतू नेमका उलटा होता. युद्ध जाहीर केलं नाही म्हणून कैद्यांना, जखमींना वाऱ्यावर सोडायची पळवाट कुणाला मिळू नये, यासाठी जाहीर युद्धाच्या जोडीला ‘इतर कोणताही सशस्त्र संघर्ष’ हे शब्द घातले गेले. माणसांना वाचवण्यासाठी योजलेला शब्द राज्यकर्त्यांनी ढालीसारखा वापरला. माझ्या मते या शब्दाच्या इतिहासातली सगळ्यात दुःखद गोष्ट हीच. २०२२ मध्ये रशियानं युक्रेनवरच्या आक्रमणाला ‘विशेष लष्करी मोहीम’ म्हटलं, तेव्हा ‘युद्ध’ हा साधा शब्द उच्चारणाऱ्या माणसांवर तिथं खटले भरले गेले.

आपल्याकडे राज्यघटनेच्या ३५२ व्या कलमात ‘वॉर’ आहे, आणि त्याच्याच शेजारी परकीय आक्रमण वेगळं लिहिलं आहे. १९६२ आणि १९७१ मध्ये त्या कलमाखाली आणीबाणी लागली. १९९९ मध्ये कारगिलच्या वेळी ना युद्ध जाहीर झालं, ना आणीबाणी. कागदावर ते ‘ऑपरेशन विजय’. इंग्रजीत आजही कुणी ‘कारगिल वॉर’ लिहितं, कुणी ‘कॉन्फ्लिक्ट’. मराठीत मात्र सहसा ‘कारगिल युद्ध’च म्हणतात आणि ते योग्यच आहे. दोन महिन्यांहून अधिक काळ तोफा चालल्या, शेकडो जवान गेले, त्याला ‘संघर्ष’ म्हणणं मराठी कानाला अपुरं वाटतं. पाण्यासाठी, उसाच्या दरासाठी चालतो तोही आपल्याकडे संघर्षच.

लष्कराच्या नोंदीत जवानाचा मृत्यू ‘बॅटल कॅज्युअल्टी’ (लढाई-मोहिमेतला) की ‘फिजिकल कॅज्युअल्टी’ (इतर कारणांचा) यावर घरच्यांचं पेन्शन ठरतं. तिथं एका शब्दाचं अंतर घराला महिन्याच्या महिन्याला जाणवतं. सियाचेनला १९८४ पासून फौज आहे, तिथं कुणी कधी युद्ध जाहीर केलेलं नाही. पण तिथून तिरंग्यात गुंडाळलेली पेटी एसटी स्टँडवरून गावाकडे निघते, तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभी असलेली माणसं एकमेकांना एवढंच सांगतात, ‘पोरगा लढाईत गेला.’