छावणीच्या आधीचा फ्रँकल

व्हिक्टर फ्रँकलची गोष्ट आपल्याकडे सांगितली जाते ती ऑश्विट्झच्या फाटकापासून. नाझींच्या छळछावणीत घरदार गमावलेला डॉक्टर आणि तिथेच त्याला सापडलेली, जगण्याच्या अर्थावर उभी असलेली उपचारपद्धती, म्हणजे लोगोथेरपी. व्याख्यानात टाळ्या घेणारी ही गोष्ट आहे, पण तिचा क्रम उलटा आहे. लोगोथेरपी हा शब्द त्याने १९२६ साली, वैद्यकीचा विद्यार्थी असतानाच वापरला होता. छावणीत त्याची रवानगी झाली १९४२ साली. मधल्या सोळा वर्षांकडे सोलापूरच्या माणसाने तरी नीट पाहायला हवं, कारण त्या काळाच्या गोष्टीत एक बंद पडलेली कापडगिरणी आहे.

फ्रँकलचा जन्म १९०५ चा, व्हिएन्नातला. मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉईड याच्याशी त्याचा कोवळ्या वयातच पत्रव्यवहार होता, नंतर तो फ्रॉईडपासून फुटलेल्या ॲडलर या मानसशास्त्रज्ञाच्या गोटात गेला आणि १९२७ साली मतभेदांमुळे तिथून त्याला बाहेर काढलं गेलं. माणूस सुखामागे धावतो की वर्चस्वामागे, या वादात त्याला रस उरला नव्हता. माणूस कशासाठी जगतो, हे त्याला विचारायचं होतं. १९२८ पासून त्याने तरुणांसाठी मोफत सल्लाकेंद्रं उभी केली. १९३० मध्ये शाळांच्या निकालाच्या दिवसांत खास मोहीम चालवली. त्यानंतरच्या वर्षी शहरात एकाही विद्यार्थ्याची आत्महत्या झाली नाही, असं तो पुढे सांगत असे. या केंद्रांत येणाऱ्यांत बेकार तरुणांचा भरणा वाढत गेला, कारण जागतिक मंदी ऑस्ट्रियात येऊन ठेपली होती.

त्याच सुमारास व्हिएन्नाजवळच्या मरीनथाल गावातली कापडगिरणी बंद पडली. अख्खं गाव तिच्यावर जगणारं. मारी याहोदा, पाउल लाझार्सफेल्ड आणि हान्स झायझेल हे तरुण संशोधक तिथे गेले आणि १९३३ साली त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ४७८ कुटुंबांच्या त्या गावात त्यांना जे दिसलं ते अपेक्षेच्या उलट होतं. हाताशी वेळच वेळ, वाचनालयाची वर्गणी माफ, तरी पुस्तकं नेणारे घटले. पुरुष रस्त्यातून रेंगाळत चालत, मध्येच थांबत. अनेकांनी घड्याळ वापरणं सोडून दिलं होतं. बायका मात्र लगबगीने जात, कारण चूल, मुलं, धुणी ही कामं गिरणीबरोबर बंद पडलेली नव्हती.

फ्रँकलनेही १९३३ मध्येच बेकारीतून येणाऱ्या मनोविकारावर लेख लिहिला. त्याचं निरीक्षण असं, की बेकार तरुण दोन चुकीची समीकरणं मांडतो: काम नाही म्हणजे मी निरुपयोगी, आणि निरुपयोगी म्हणजे जगण्याला अर्थ नाही. अशा तरुणांना त्याने वाचनालयांत, युवक संघटनांत, प्रौढ शिक्षणाच्या वर्गांत विनामोबदला कामाला लावलं. त्यांची उदासी उतरली. पोटातली भूक मात्र होती तशीच राहिली, हेही त्याने लपवलेलं नाही.

सोलापुरात हे वाचताना वेगळं भाष्य लागत नाही. इथल्या कापडगिरण्यांपैकी १८७७ ची ‘जुनी मिल’ साठच्या दशकात बंद झाली, लक्ष्मी-विष्णू मिल नव्वदच्या दशकात, आणि पुढे नरसिंग गिरजी मिलही. भोंग्यावर उठणारं, पाळीवर जेवणारं शहर होतं हे. मरीनथालइतकी शांतता इथे पसरली नाही, कारण शहराच्या पूर्व भागात यंत्रमाग होते, चादर होती, टॉवेल होता. कमी मजुरीवर का होईना, काहींना साचा, म्हणजे चालवायला माग, मिळाला. आणि घरोघरी सूप मांडीवर घेऊन हजार विड्या वळण्याचा हिशेब पुरा करणाऱ्या बायका होत्या. मिल सुटलेल्या घराचा दिवस त्यांच्या हातांनी बांधून ठेवला, असं मला वाटतं. आपल्याकडे गिरण्यांच्या थकीत देण्यांचे दावे झाले, जमिनींचे वाद झाले. कामगाराच्या मनाचं काय झालं, हा विषय त्यात फारसा आलाच नाही.

पुढचा भाग बहुतेकांना माहीत आहे. दोन वर्षं थेरेझिएनस्टाटची छावणी, मग ऑश्विट्झमध्ये मोजकेच दिवस, त्यानंतर डाखाऊच्या उपछावण्या. वडील, आई, भाऊ, पत्नी, सगळे गेले. ऑश्विट्झमध्ये त्याच्याकडून हिसकावलेल्या कोटात त्याच्या सिद्धांताचं हस्तलिखित होतं, म्हणजे विचार आधीच कागदावर उतरलेला होता. छावणीने त्याची परीक्षा घेतली. पन्नास-साठच्या दशकांत अमेरिकेत मॅस्लो, कार्ल रॉजर्स या मानसशास्त्रज्ञांची मानवतावादी चळवळ उभी राहिली, तेव्हा फ्रँकल तिचा जवळचा नातेवाईक ठरला. तरी रोलो मे या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने आक्षेप घेतलाच, की हा उपचारक अर्थ शोधायला मदत करण्याऐवजी तो रुग्णाच्या हातात ठेवतो. आक्षेप अगदीच खोटा नव्हे. अलीकडे न्यूयॉर्कमध्ये विल्यम ब्राइटबार्ट या मनोविकारतज्ज्ञांनी कर्करोगाच्या रुग्णांसाठी याच विचारावर मोजक्या बैठकांची उपचारपद्धती बसवली आणि ती अभ्यासांतून तपासूनही पाहिली.

मला मात्र याहोदाचं म्हणणं अधिक पटतं. नोकरी पगाराशिवाय आणखी काय देते, याची तिने पुढे मांडणी केली: दिवसाला आकार, घराबाहेरची माणसं, सगळ्यांनी मिळून करायचं काही, समाजात ओळख, आणि हातांना नियमित काम. फ्रँकल बेकार माणसाला सांगतो, तुझं मोल नोकरीवर ठरत नाही. याहोदा सांगते, मग या पाच गोष्टी त्याला दुसरीकडून मिळवून द्या, नाहीतर नोकरीच द्या. यंत्रमागावर मंदी आली की मालक पाळ्या कमी करतो, तेव्हा पूर्व भागातल्या कामगाराला समुपदेशकाची गरज असेलही, पण त्याच्या आधी त्याला उद्याची पाळी हवी असते.