पार्श्वभूमी : क्षयाचं औषध, तळपायांची आग आणि ब-६

क्षयाच्या औषधांबरोबर पायरिडॉक्सिनची, म्हणजे ब-६ जीवनसत्त्वाची, छोटी गोळी देतात. बहुतेक घरांत तिला 'ताकदीची गोळी' म्हणतात आणि सगळा घोळ या नावातच आहे.

या औषधांतलं एक मुख्य औषध, आयसोनियाझिड, १९१२ मध्येच प्रागला तयार झालं होतं, पण ते क्षयावर चालतं हे कळायला १९५२ उजाडलं. लवकरच रुग्ण तळपायांना मुंग्या येतात, आग होते म्हणून सांगू लागले. पायातली चप्पल कधी निसटली हेही काहींना कळेना. १९५४ मध्ये कारण पुढे आलं : हे औषध ब-६ ला चिकटून त्याला लघवीवाटे बाहेर काढतं, आणि उरलेल्याचं शरीराला लागणारं रूपही नीट होऊ देत नाही. चेतातंतूंची उपासमार होते. औषध अतिप्रमाणात पोटात गेलं तर झटके येतात, तेव्हाही ब-६ चंच इंजेक्शन उतारा म्हणून देतात.

आपल्याकडचा भक्कम पुरावा मद्रासचा. १९५६ पासून तिथे रुग्णांना घरी ठेवून उपचार सुरू झाले. १९६० च्या दशकातल्या तिथल्या चाचण्यांत आयसोनियाझिडची मात्रा मोठी असूनही हा त्रास टाळायला रोज ६ मिलीग्रॅम ब-६ पुरलं. भारतात निम्म्याहून जास्त लोकांचं यकृत हे औषध सावकाश निकामी करतं, म्हणजे ते अंगात जास्त वेळ राहतं.

वाद आहे तो ब-६ कुणाला द्यायचं याचा. जागतिक शिफारशींचा भर गरोदर आणि स्तनदा माता, मधुमेही, एचआयव्हीबाधित, दारू पिणारे, कुपोषित अशा जोखमीच्या रुग्णांवर राहिला. पण आपल्याकडे क्षयाचा रुग्ण आणि कुपोषित रुग्ण ही बहुतेकदा एकच व्यक्ती असते. अशा ठिकाणी यादी करून निवडत बसणं मला पटत नाही, प्रत्येकाला १० मिलीग्रॅम द्यावं. 'ताकदीची' म्हटलं की पैसे कमी पडले की पहिली सुटते तीच गोळी. नाहीतर तिच्या जागी साधी ब-कॉम्प्लेक्स येते, जिच्यात काही वेळा ब-६ दोन-तीन मिलीग्रॅमच असतं.

उलट टोकही आहे. रोज २ ते ६ ग्रॅम ब-६ घेणाऱ्यांच्याच संवेदना गेल्याचं १९८३ मध्ये नोंदवलं गेलं. युरोपात २०२३ मध्ये प्रौढांसाठी वरची मर्यादा रोज १२ मिलीग्रॅम ठरली, अमेरिकेत ती १०० आहे. हे आकडे निरोगी माणसांसाठीचे. नेहमीच्या औषधांना न जुमानणाऱ्या, म्हणजे औषधरोधक, क्षयात सायक्लोसेरिन या औषधासोबत याहून बरीच मोठी मात्रा देतात, ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली. त्याच उपचारातल्या लिनेझोलिडने पाय बधिर झाले तर मात्र ब-६ वाढवून भागत नाही. तिथे इजेचं कारणच वेगळं असतं, आणि लिनेझोलिडची मात्रा कमी करावी लागते किंवा ते थांबवावं लागतं.