गाडीवाले वेगळे, होमस्टेडवाले वेगळे

अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या वसाहतींवरचा कुठलाही मराठी लेख उघडा. कापडी छपराची गाडी, तिच्यात सगळा संसार आणि मुक्कामाला पोचताच सरकारकडून 160 एकर फुकट, हे सगळं एकाच कुटुंबाच्या नावावर टाकलेलं असतं. वाचून जीव कातावतो. ही दोन वेगळी माणसं आहेत: एक गाडीवाले, दुसरे होमस्टेडवाले, म्हणजे सरकारी जमिनीवर घर करून ती कसणारे.

गाडीवाले सगळ्यांच्या ओळखीचे. 1840 नंतर मिसुरीहून पार पॅसिफिक किनाऱ्यावरच्या ऑरेगनकडे निघालेले, सुमारे 2000 मैल, चार ते सहा महिने. गाडीला बहुधा बैल असत, घोडे नव्हेत, आणि धडधाकट माणसं चालत जात. मधली गवताळ मैदानं त्यांना फक्त ओलांडायची होती.

होमस्टेडवाले त्याच मैदानांत राहायला आले. राष्ट्राध्यक्ष लिंकनने त्या 160 एकरांच्या होमस्टेड कायद्यावर सही केली 20 मे 1862 ला, अंमल 1 जानेवारी 1863 पासून. पुढे रेल्वे पोचली तसे कित्येक जण आगगाडीनेच उतरले.

खरा घोटाळा 'फुकट' या शब्दाने केला आहे. अर्ज भरला की हातात यायचा तो ताबा, मालकी नव्हे. पाच वर्षं तिथे राहायचं, घर बांधायचं, जमीन कसायची, दोन साक्षीदार उभे करायचे. मग सरकारी सनद. फी सगळी मिळून 18 डॉलर, पण नांगर, जनावरं, बियाणं, विहीर ज्याच्या त्याच्या खिशातून. याच मैदानांतल्या नेब्रास्कात झाडं विरळ, म्हणून गवताच्या मुळांनी घट्ट विणलेल्या मातीच्या ढेपा नांगराने कापून भिंती रचत. बाहेर पाऊस थांबला तरी आत छतातून चिखल ठिबकत राही. चुलीत वाळलेलं शेण. 1874 साली टोळधाड आली आणि उभी पिकं गेली. सनद हाती येण्याआधीच पुष्कळांनी जमीन सोडली. त्यांना 'फुकट जमीन मिळालेले' म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

बायकांच्या बाबतीतही दोन्हीकडे नियम वेगळे. ऑरेगनच्या 1850 च्या जमीनवाटपाच्या कायद्यात गोऱ्या जोडप्याला 640 एकरांपर्यंत मिळत, त्यातली अर्धी बायकोच्या नावावर. होमस्टेडमध्ये नवऱ्याबरोबर राहणारीला सहसा स्वतःचा अर्ज करता येत नसे. विधवेला आणि 21 वर्षांच्या अविवाहितेला मात्र येई.

आणि 'ओसाड माळरान' हा शब्द तर कुणीच वापरू नये. नेब्रास्कातल्या नद्यांकाठी पॉनी हे मूळनिवासी लोक मका पिकवत होते, गाडीवाले आणि होमस्टेडवाले या दोघांच्याही कितीतरी आधीपासून. 1870 च्या दशकात त्यांना ती जमीन सोडून आजच्या ओक्लाहोमात जावं लागलं.