ओलं घनफळ, कोरडं घनफळ: १.५४ ने नेमकं कशाला गुणायचं?

५ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि १२५ मिलिमीटर जाड स्लॅब घ्या. ५ × ४ × ०.१२५ म्हणजे २.५ घनमीटर. हे झालं ओलं घनफळ: सेंटरिंगवर (खालून टेकू दिलेल्या तात्पुरत्या साच्यावर) काँक्रीट पसरून, ते घट्ट बसवायला व्हायब्रेटर फिरवून झाल्यावर प्रत्यक्ष जेवढी जागा भरते तेवढं. (मिलिमीटरचे मीटर करायला विसरलात तर उत्तर हजारपटीने चुकतं, पण ते निदान लगेच डोळ्यात भरतं.)

कोरडं घनफळ म्हणजे सिमेंट, वाळू आणि खडी वेगवेगळी मोजली तर त्यांची होणारी बेरीज. ती जास्त भरते. खडीने काठोकाठ भरलेल्या बादलीत पाणी ओतून पाहा, भरलेली म्हणता म्हणता कितीतरी पाणी पोटात घेते. काँक्रीटमध्ये त्या फटींत वाळू शिरते, वाळूच्या फटींत सिमेंट आणि पाणी. म्हणून ओल्या घनफळाला साधारण १.५४ ने गुणायचा रिवाज आहे. हा आकडा काही निसर्गनियम नव्हे, थोडी नासाडी धरून ठरलेला अंदाज आहे. वाळू दमट असली की ती फुगते आणि मापात कमी पडते, तेव्हा तेवढी जास्त घ्यावी लागते.

आपल्या स्लॅबचं कोरडं घनफळ ३.८५ घनमीटर. १:१.५:३ प्रमाणाचे एकूण भाग ५.५, म्हणजे सिमेंट ०.७, वाळू १.०५ आणि खडी २.१ घनमीटर. सिमेंट घनमीटरला १४४० किलो धरलं तर १००८ किलो, म्हणजे ५० किलोच्या २० गोण्या आणि वर चिमूटभर. मी २१ सांगेन.

१.५४ चं काम इथे संपतं. रेडी-मिक्स मागवताना तो लावूच नका. गाडीतून तयार काँक्रीटच येतं, त्यामुळे २.५ घनमीटर आणि सांडलवंडीसाठी ३ ते ५ टक्के जादा एवढं पुरे. ३.८५ मागवलंत तर उरलेलं कुठे ओतणार?

वजनात तर ही चूक सर्रास होते. सळईसकट काँक्रीट घनमीटरला २५०० किलो धरतात, सळईशिवाय २४००. हे आकडे घट्ट बसलेल्या काँक्रीटचे आहेत. म्हणून २.५ × २५०० = ६२५० किलो. कोरड्या घनफळाला २५०० ने गुणलं तर ९६२५ किलो येतात, म्हणजे सव्वातीन टनांहून जास्त वजन फटींतल्या हवेचं!

जाडीकडे मात्र बारीक लक्ष हवं. ओतताना १२५ ची १४० मिलिमीटर झाली, तर वरवर काहीच कळत नाही. पण २० चौरस मीटरवर ०.३ घनमीटर काँक्रीट जास्त जातं आणि ७५० किलो वजन वाढतं. सेंटरिंगचे टेकू तेवढं धरून लावलेले नसतात.