क्रमांक घसरला म्हणजे बहर ओसरला?

सांगलीत टेनिसच्या गप्पांत फिरणारा एक जुना मेसेज: 'ज्या वर्षी सर्वाधिक किताब, तोच चॅम्पियनचा बहर, क्रमांक घसरला की खेळ संपला.' आकडे खरे असतात, म्हणून पटतंही. पण त्यात दुखापत मोजलेलीच नसते.

क्रमवारीत मागच्या 52 आठवड्यांचेच गुण धरतात. मनगटाच्या शस्त्रक्रियेमुळे सहा महिने बाहेर बसलेल्याचे जुने गुण आठवड्यागणिक गळत जातात. एकही सामना न हरता तो खाली येतो. म्हणूनच दीर्घ दुखापतीनंतर परतणाऱ्याला जुन्या क्रमांकाच्या आधारे काही स्पर्धांत प्रवेश देतात. आपल्याकडे गुडघा दुखावलेला मल्ल वर्षभर आखाड्यात उतरला नाही, तर तो चितपट झाला असं कुणी म्हणत नाही.

ताडून बघणं सोपं आहे. खेळाडूची वर्षवार कामगिरी काढा आणि किताबांआधी सामने मोजा. समजा, एका वर्षी 70 पैकी 56 सामने जिंकले, दुसऱ्या वर्षी 30 पैकी 24. दोन्हीकडे 80 टक्केच! किताब मात्र पहिल्या वर्षी जास्त दिसण्याची शक्यता मोठी. मग पहिल्या दहांतल्या खेळाडूंविरुद्धचे निकाल पाहा, अर्धवट सोडलेले सामनेही.

दुखरं अंग घेऊन खेळलेले सामने मात्र नोंदीत साधे पराभव म्हणूनच राहतात. माझ्या मते खरा अन्याय तिथं होतो. उलट 'दुखापत नसती तर आणखी चार ग्रँड स्लॅम' हेही धरता येत नाही. त्या एकेका किताबासाठी सलग सात सामने जिंकावे लागतात.